खिल्लारेमामांचे तीन धक्के

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी वारंगा फाट्यावरच्या दादाराव खिल्लारे मिस्त्रींचे, म्हणजे सगळ्यांच्या मामांचे, नाव घेईन. ज्या सकाळी ते उपकार झाले त्या सकाळी मामा तिथे नव्हते. आणि परवापर्यंत त्यांना त्याची खबरही नव्हती.

मामांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका पिकअपला खांद्याने धक्के देताना. गाडीचा मागचा भाग उचलून दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूच्या तिवयांवर, ठेवलेला होता. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला, खांदा गाडीला लावला आणि पैलवानासारखे तीन धक्के दिले. मग तिलाच विचारले, "बसलीस का माय नीट?" गाडी हलली नाही, तेव्हा मामा तिच्याखाली शिरले. चहाच्या टपरीवरची माणसे हसत होती. एकजण म्हणाला, "मामा, ती काय बोलती का?" खालून उत्तर आले, "बोलायची असली तर आत्ताच बोलू दे. मी खाली असताना बोलली तर ऐकायला कोन ऱ्हाईल?"

त्या वेळी मी हिंगोलीहून बी.एस्सी. करून घरी बसलो होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. तांड्यावर सगळे 'साहेब' म्हणत आणि मी भरतीची वाट बघत उत्तमदादाच्या पिकअपवर हळदीची पोती मोजत असे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. माझ्या शिक्षणासाठी त्याने स्वतःची शाळा सोडली होती, आणि गाडी हा त्याचा अभिमान होता.

वसमतच्या मोंढ्यात हळद नेताना गाडी मागून बसते, म्हणून दादाने मागे स्प्रिंगचे दोन पाटे जास्तीचे टाकून घेतले. गाडी चार बोटे उंच झाली. दिसायला ऐटदार, पण त्यानंतर हादरे झेलणारे मागचे शॉकअप टिकेनात. चाक खड्ड्यात उतरले की जुने शॉकअप पूर्ण ताणले जाऊन तुटायचे. दादाने त्यावर स्वतःच तोड काढली. नांदेडला जाऊन दुकानातली सगळ्यात लांब जोडी आणली आणि ती बसवायला आम्ही मामांकडे गेलो.

मामांनी जोडी हातात घेतली, दाबून पाहिली आणि जमिनीवर ठेवून दिली. "कोन्या मापाची हाय ही?"

"सगळ्यात मोठी," दादा म्हणाला.

"शाळेचा ड्रेस हाय का वाढत्या अंगाचा? गाडी वाढत नसती, उत्तमराव."

मग त्यांनी एक पाठकोरी वही काढली. आतापर्यंत हाताखालून गेलेल्या गाड्या त्यात लिहिलेल्या होत्या. प्रत्येकीपुढे तीन मापे: लटकती, उभी, भरलेली. चाके अधांतरी लटकत असताना शॉकअपच्या दोन बोल्टांमधले अंतर सगळ्यात जास्त. शॉकअप पूर्ण उघडल्यावर त्याहून थोडा लांब हवा. भरलेली गाडी आपटून खालच्या रबरावर टेकते तेव्हा ते अंतर सगळ्यात कमी. शॉकअप पूर्ण मिटल्यावर त्याहून आखूड हवा. "उघडल्यावर पुरला पायजे, मिटल्यावर मावला पायजे. तुमचा हा पुरतो, पण मावत न्हाई. लोड घेऊन गाडी आदळली की त्याला धरनारी पक्कडच उपटून टाकील." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तर डिग्रीवाला पोरगा. तू काहून मोजलं न्हाईस?"

मी तीन वर्षे स्प्रिंगची गणिते सोडवली होती, पण घरच्या गाडीला फूटपट्टी लावावी हे मनात आले नव्हते.

मामा म्हणाले, "उद्या पोती भरून आना. भरलेलं माप घेतल्याबिगर मी पाना लावत न्हाई."

दादाला ते लागले. "आमी पाना फिरवायला आलो, शाळेत न्हाई," म्हणत त्याने जोडी उचलली. गाडी वळताना मामा खिडकीशी येऊन एवढेच बोलले, "घरी लावून राहिलास तर जॅकच्या भरवशावर जाऊ नको. जॅक उचलायला असतो, धरायला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर, लिंबाखाली, दादाने स्वतःच काम काढले. खाली काळी माती. तिच्यावर एक चपटा दगड, त्यावर जॅक. एक्सलखाली अजून तीन दगडांची चळत. चाक काढून बाजूला फेकलेले. दादा हातात पाना घेऊन खाली बसला, आडवा होणार तेवढ्यात मी म्हणालो, "दादा, एक मिनिट थांब. बाजूला हो."

"आता पूजा करतोस का तिची?"

मला लाजच वाटत होती. मी खांदा लावला आणि मामांसारखा धक्का दिला. पहिल्याच धक्क्याला काळ्या मातीतला दगड कलला, जॅक तिरपा होऊन उडाला आणि गाडी धप्पकन बसली. ब्रेकचा ड्रम मातीत वीतभर रुतला. दादाची छाती जिथे येणार होती तिथे तीन दगड फुटून पडले होते.

दादा बाजेवर जाऊन बसला. आईने पाणी आणले. तांब्या बाजूला ठेवत तो म्हणाला, "मामाला सांगू नको." मी शब्द दिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही पोती भरून फाट्यावर गेलो. दादा म्हणाला, "काल टाइम भेटला न्हाई." मामांनी टोमणा मारला नाही. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायला त्यांनी दादाला सांगितले आणि फूटपट्टी माझ्या हातात दिली. तिन्ही मापे मी घेतली. वहीत ती माझ्या अक्षरात आहेत. मापाची जोडी आली, आणि ती अजून टिकून आहे.

त्यानंतर मी बी.एड. केले. आता एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या हातात पट्टी देतो.

मागच्या आठवड्यात फाट्यावर उतरलो तेव्हा मामांचे दुकान अर्धे रिकामे होते. "गुडघे म्हनून राहिले, आता उभाच राह्य," मामा हसत म्हणाले. घोड्या भंगारात द्यायच्या म्हणून बाहेर काढल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "जिंदगीभर गाड्यांना धक्के देल्ले, लोकं हासले. एकबी गाडी कधी पडली न्हाई रे. फुकटच ढकलत राहिलो का काय, असं वाटतं."

मला तिथेच सांगायचे होते, पण दादाला दिलेला शब्द आडवा आला. घरी येऊन मी दादाला मामांचे ते वाक्य जसेच्या तसे ऐकवले. तो उठून अंगणात गेला, गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लिही." मग मी हे पत्र लिहिले.

"आदरणीय मामा, जय भीम.

एक गाडी पडली होती. ती आमची होती. तुमच्याकडून रागाने निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी, दगडांवर चढवलेली. दादा खाली शिरायच्या आधी मी तुमच्यासारखा खांदा लावला आणि ती पहिल्याच धक्क्याला बोलली. फाट्यावर तुम्हाला हसणारी माणसे मी पाहिली नसती, तर तुमचे धक्के माझ्या लक्षात राहिले नसते आणि मला धक्का द्यायचे सुचले नसते. दादाला आता दोन मुली आहेत. तुम्ही फुकट ढकलत नव्हता.

घोड्या भंगारात देऊ नका. दादा त्या न्यायला रविवारी येतो आहे. मुख्याध्यापकांनी शाळेच्या शेडमध्ये जागा दिली आहे. मोठ्या मुलांना गाडी उचलायला शिकवायचे आहे. तुम्ही खुर्चीवर बसून सांगायचे, खाली दादा जाईल. तिसरा धक्का तो हळू देतो, तेवढे त्याला रागवा.

तुमचा,
विलास"