तोंड हुंगणारी अक्का

अक्का सकाळी लेकरं ताब्यात घ्यायची ती हुंगून. विहाराच्या पायरीवर उभी राहायची, आई लेकरू पुढं करायची, आणि अक्का त्याच्या ओठांपाशी नाक नेऊन, डोळे मिटून, अत्तराची पारख केल्यासारखा श्वास घ्यायची. दूध, गूळ, रात्रीचं कालवण, सगळं तिला कळायचं. 'रातच्याला वांगं खाल्लास व्हय रे?' असं ती दोन वर्षांच्या पोराला विचारायची आणि ते गुन्हा कबूल केल्यासारखं मान हलवायचं. आम्ही शाळेत निघालेली पोरं हा खेळ बघायला मुद्दाम थांबायचो.

ती शोधायची ते वांगं नव्हे, अफू. बिदरकडच्या निर्ण्याच्या आसपासच्या आमच्या गावांत तेव्हा खुरपायला जाणाऱ्या बाया लेकराला सकाळी मोहरीएवढी गोळी चाटवायच्या. लेकरू झोळीत निपचित पडायचं, आई निवांत खुरपणीची पात धरायची. यात कुणी दुष्ट नव्हतं. सासूनं सुनेला शिकवलेली ती युक्ती होती. ज्या घरात थोरली मुलगी असेल तिथं अफू लागायची नाही. तिथं मुलीला शाळेतून काढायचे. आमच्या घरातली ती मुलगी मी होते.

अक्का बौद्ध वस्तीतली, आम्ही धनगर गल्लीतले. ती विहाराच्या ओट्यावर लेकरं सांभाळते हे कळल्यावर आईनं माझ्या कडेवरचा भाऊ तिच्याकडं नेऊन दिला आणि माझी पाटी मला परत मिळाली. भाकरी मात्र घरची, वेगळ्या फडक्यात बांधलेली. सगळ्याच गल्ल्यांतल्या बाया तसं करायच्या. दुपारपर्यंत सगळी फडकी सुटायची आणि प्रत्येकाच्या तोंडात दुसऱ्याची भाकरी असायची. आमच्या आजीला हे कुठून तरी कळलं. ती पदर खोचून गेली आणि नातवानं कुणाची भाकरी खाल्ली म्हणून जाब विचारला. अक्का म्हणाली, 'मला काय ठाव? त्याच्या पोटाला इचारा. काय म्हणालं तर मलाबी सांगा.' आजी तणतणत परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यात एक भाकरी जास्तीची बांधली. कुणासाठी, हे विचारायची आमची छाती नव्हती.

आठवड्याला ओंजळभर ज्वारी, नसेल तिनं चार शेणी द्याव्यात, एवढंच अक्काचं मोल. पण काम ती नुसतं राखणीचं करत नसे. लहानमोठे चिंचोके निवडायला लावायची, प्रत्येकाकडून रोज एक गोष्ट वदवून घ्यायची. ज्याला बोलता येत नसे त्यानं हातवारे करायचे. आईनं एकदा विचारलं, कामून एवढा खटाटोप, बसवून ठेवावं की. 'लेकरू म्हंजे शेरडू हाय का, खुंट्याला बांधाया?' अक्का म्हणाली. हे तिनं धनगराच्या बाईला ऐकवलं, आणि माझी आई महिनाभर ते गल्लीत कौतुकानं सांगत सुटली.

अक्काला तीन भाषा यायच्या आणि तिनं त्यांना कामं वाटून दिली होती. लाड कन्नडात. राग दखनीत, त्यासाठी तीच भाषा योग्य, हे आमच्याकडं कुणीही मान्य करील. मराठी दमल्यावर. 'दमले बाई, बसते जरा,' असं ती दिवसभर म्हणायची आणि म्हणता म्हणता कुणाचं तरी नाक पुसायला निघून जायची. ती बसलेली आम्ही कधी पाहिली नाही.

मग म्हैसूर सरकारची बालवाडी आली. इमारत आली, पाटी आली, एसटीनं येणाऱ्या बाई आल्या, आणि अक्का तिथं आया म्हणून लागली. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण वेळ दहा ते एक. एक वाजता बाई कुलूप घालून एसटी धरायच्या. लेकरांच्या आया दिवस मावळताना परतायच्या. एक वाजता सरकार बंद व्हायचं आणि अक्का चालू व्हायची, बंद दारासमोर, लिंबाखाली. पावसाळ्यात लिंबाखाली चिखल झाला. काही बायांनी लेकरं पाठवायचं बंद केलं. एका सकाळी अक्कानं एक तोंड हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि त्या पोरीला खांद्यावर टाकून, झोपू नये म्हणून गालावर टिचक्या मारत, ऊन उतरेपर्यंत चालत राहिली.

पुढच्या सोमवारी ती सगळी वरात घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेली. भावाला धरायला मीही होते. काय तो देखावा! एक जण साहेबांच्या टेबलाखाली, एक जण कपाटाच्या किल्ल्या चोखतोय, आमच्या बंधुराजांनी भर कचेरीत पाण्याचा ओघळ सोडलेला. साहेब धारवाडकडचे, मनानं चांगले. त्यांनी बिस्किटं मागवली आणि अक्काला कन्नडात समजावलं, की वेळ वरून ठरते, आणि दुपारी लहान मुलं झोपतातच की.

अक्काला उत्तम कन्नड यायचं. पण ती मराठीत बोलली. शिपाई ते साहेबांना कन्नडात सांगू लागला.

'माझा थोरलाबी दुपारीच निजला, साहेब. सकाळी मीच चाटवली हुती. पात संपवून आले तवा गार पडला हुता.'

शिपाई अर्ध्यातच थांबला. उरलेलं साहेबांना तसंच कळलं. त्यांनी पाणी मागवलं, आणि ते कुणासाठी मागवलं हे त्यांनाही आठवेना. वर लिहितो म्हणाले. त्यांनी लिहिलंही असेल.

साहेब बदलले, राज्याचं नाव बदललं, बालवाडीची अंगणवाडी झाली. दहा ते एक तसंच राहिलं. नवा साहेब आला की अक्का जायचीच. सुरुवातीला ती सगळं सांगायची, मग थोडं, शेवटी शेवटी दारात उभी राहून नुसतं म्हणायची, 'सांजपातूर, साहेब.'

मी शिकले, बिदरला नौबादच्या शाळेत मास्तरीण झाले. एकदा सुट्टीत गावी गेले, तेव्हा अक्का नोकरीतून सुटली होती, तरी अंगणवाडीच्या पायरीवर उभीच. एक वाजून गेला होता, दाराला कुलूप होतं. एक नवी सून तुरीच्या रानाकडं निघाली होती. तिनं जाता जाता तान्हं बाळ अक्काकडं दिलं. अक्कानं त्याच्या ओठांपाशी नाक नेलं, डोळे मिटले. पुन्हा पुन्हा हुंगलं. मग ती सून लांब गेल्यावर माझ्याकडं वळली.

'मला वासच येईना झालाय गं. कुणाला सांगितलं न्हाई. तू बघ.'

मी बाळ घेतलं, नाक नेलं. 'दूध हाय, अक्का.'

'नीट बघ.'

मी पुन्हा हुंगलं. 'दूधच हाय.'

'मग बसते जरा,' अक्का म्हणाली, आणि त्या कुलपाखाली पायरीवर खरंच बसली. बाळ माझ्याकडंच राहिलं.