उलटं पाणी

शहाडहून ताईच्या सिंधी शेजारणीचा फोन आला. "भैया, दीदी दरवाज़ा नहीं खोल रही, शेरू कब से रो रहा है..." मी बदलापूरहून पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी दार तोडलं होतं. नलूताई झोपेतच गेली होती. शेरू, तिचा कुत्रा, पलंगाखाली बसून होता.

सव्वा महिना झाला. मला मन खातं, ते तिच्या जाण्यापेक्षा माझ्या संशयामुळे.

भाओजी गेल्यावर ताई एकटी राहायची. रोज सकाळी सहाला शेरूला फिरवायची. पण अमावास्या-पौर्णिमेला मात्र नऊ-दहाच्या उन्हात नदीच्या खाडीकडे. का, विचारलं तर हसायची. मला वाटलं, कुणीतरी तिला गोड बोलून भुलवतंय, उद्या घर लिहून घेईल. म्हणून एका अमावास्येला मी मागोमाग गेलो, बाभळीआड उभा राहिलो.

तिथे कुणीच नव्हतं. ताई काठावर, शेरूची साखळी दोन्ही हातांत घट्ट धरून. जलपर्णी नदीबरोबर खाली वाहत होती, ती थबकली... आणि समुद्राकडून पाण्याची एक लांबच लांब वळी चढत आली. बांधलेली होडी गर्रकन फिरली. बघता बघता सगळी नदी उलटी निघाली.

शेरू माझ्याकडे वळून भुंकला. ताईने मागे न बघताच म्हटलं, "ये विनू, पुढे ये. तुझा वास त्याला कोपऱ्यावरच आला होता."

मग तिने सांगितलं. याच पाण्यात उतरून शेरूचे पंजे सोलवटले होते. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती चढताना पलीकडे कुणीतरी केमिकलचा टँकर रिकामा करतं, अशी तिची शंका होती. घाण वर जाते, कुणाची ते कळत नाही. त्या दिवशी टँकर आला नाही. मला वाटलं, एकटेपणाने डोकं फिरलंय. "सोड ना ताई," म्हणालो.

"तू माझ्यावर नजर ठेवलीस," ती शांतपणे म्हणाली, "तेवढी त्या काठावर ठेव."

मी पुन्हा गेलो नाही.

ती गेल्यावर तिची खोली आवरताना खिडकीत खाडीच्या पाण्याच्या बाटल्या सापडल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने तिथी. केमिस्ट्री शिकवणाऱ्या एका मित्राला दाखवल्या. त्यातल्या तीन बाटल्यांत ॲसिड निघालं. "पण कुणाचं, ते पाणी सांगत नाही," तो म्हणाला.

शेरू आता आमच्याकडे असतो. परवा पौर्णिमा होती. त्याला घेऊन शहाडला निघताना मी एक रिकामी बाटली स्वच्छ धुतली, आणि पेन्सिल शोधू लागलो.