आईनं घेतलेलं नाव

माझ्या वडिलांचा, आबांचा, डावा डोळा आधीच गेला होता. उसाचं पातं लागलं, गावठी औषध घातलं आणि तो कायमचा पांढरा झाला. पुढं सत्तरीच्या आसपास उजव्यात मोतीबिंदू पिकला. एका रविवारी मी साताऱ्याहून उंब्रजजवळच्या आमच्या गावी गेलो, तर दारात उभ्या असलेल्या मला त्यांनी विचारलं, "कोन पावनं?" हा डोळा गेला की सगळाच अंधार. मी आई-आबांना घेऊन सांगलीच्या नेत्रशिबिराला निघालो.

साताऱ्यात मला मास्तरकी लागून दोन वर्षं झाली होती. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि ती पदवी आबांनी राबून मला दिलेली. त्यांच्यासाठी निदान फॉर्म तरी मला भरता येत होता.

शिबिर एका शाळेत होतं. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं आईला विचारलं, "आजी, आजोबांचं नाव?"

आईनं पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं बघितलं. "ह्यो सांगल."

"अगं, घे की नाव. आता कोण मानतंय असलं?"

"तू शिकलायस, तू घे."

मी ठणठणीत आवाजात आबांचं पूर्ण नाव सांगितलं. जरा तोऱ्यातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे टाके घालून, ऑपरेशन झालं. वर्गाच्या खोलीत वीसेक खाटा, सगळ्या म्हाताऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उद्यापर्यंत मान हलता कामा नये. उठून बसले तर टाके तुटतील." नातेवाइकांनी व्हरांड्यातच थांबायचं. आई आणि मी खिडकीचे गज धरून बसलो.

चारच्या सुमाराला नर्स शेजारच्या खोलीत गेली, आणि आबांचा हात हलला. चाचपडत त्यांनी वाळूची पिशवी बाजूला सारली.

"धारंची येळ झाली," ते पुटपुटले. "म्हस वरडत आसंल."

"आवं!" आई ओरडली. "आवं, निजा!"

पाच-सहा डोकी उशीवरून उचलली गेली. तिथल्या प्रत्येकाला बायकोनं जन्मभर याच हाकेनं बोलावलं होतं. "आलीस व्हय गं?" एकानं विचारलंसुद्धा.

"आबा!" मी ओरडलो.

"आँ?" तिघेजण म्हणाले. त्यांत आमचे आबा नव्हते. ते कोपर टेकून खांदा उचलत होते.

आता नावानंच हाक मारायला हवी होती. मी तोंड उघडलं. काल टेबलापाशी ठणकावून सांगितलेलं नाव जिभेवर येईना. बापाला नावानं हाक?

तेवढ्यात शेजारून आईनं ती हाक मारली. नुसतं नाव, एकेरी, पोराला दटावावं तसं.

आबा होते तिथंच थांबले. मग हळूहळू त्यांनी डोकं उशीवर टेकवलं. नर्स धावत आली, पिशवी जागेवर ठेवली, सगळ्यांना रागावली.

न हलताच आबांनी विचारलं, "कोन बाई हाय ती?"

"नावानं हाक मारतीया म्हंजी तुझी आईच आसनार, गड्या," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "न्यायला आली आसंल."

खोलीभर हसू फुटलं. "हसायचं नाही! टाके!" नर्स ओरडली.

आई मात्र पदर तोंडात कोंबून रडत होती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. "काय करून बसले रं मी ह्ये?" टाका तुटलाय की नाही हे पट्टी सुटेपर्यंत कळणार नव्हतं. पट्टी सुटायला पाच दिवस होते. पाचही दिवस ती एकवेळच जेवली.

पाचव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी हात पुढं धरला. "आजोबा, बोटं किती?"

आबांनी डोळा किलकिला केला. डोळ्यातून पाणी गळत होतं. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"बोटं दोन हायती," आबा म्हणाले. "आन् मागं हिरव्या लुगड्यात कोन हुबी हाय, तिला इचारा माझं नाव काय हाय त्ये."

डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी खरंच मागं वळून विचारलं, "काय हो आजी, नाव काय यांचं?"

आईनं डोळे पुसले, पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्यो सांगल."