सातवा प्रश्न आणि पाच घागरी

साखर कारखान्याने सभासदांसाठी काढलेल्या रुग्णालयात मी समाजसेविका होते. दुष्काळात ऊसच उरला नाही, कारखाना बंद राहिला. रुग्णालय मात्र चालू होतं, आणि लहान मुलांच्या वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या. त्याच वर्षी संचालक मंडळाच्या मनात आलं, की मुलांच्या घरच्यांना विचारावं, तुम्ही आमच्या सेवेवर समाधानी आहात का. परदेशात तयार झालेली एक प्रश्नावली कुणीतरी आणून दिली. ती मराठीत आणायची आणि इथल्या माणसांना लागू पडते का ते तपासायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मी ते हौसेने घेतलं.

पहिलाच प्रश्न होता, गाडी लावायला जागा सोयीची होती का. धारूरकडून नातवाला घेऊन आलेली एक म्हातारी म्हणाली, "यष्टी डायवर लावतो बाई, मला काय इचारता?" तो प्रश्न मी खोडला. उत्तरांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं होती. बायका प्रश्न बाजूला ठेवून रडक्या चेहऱ्याकडेच बघत बसायच्या. एकीने तर मला विचारलं, "ही कावून रडायलीय?" चेहरेही गेले.

मग मला घागरी सुचल्या. एका पुठ्ठ्यावर मी पाच घागरी काढल्या: रिकामी, पाव, अर्धी, पाऊण आणि काठोकाठ भरलेली. जेवढं समाधान तेवढं पाणी. रोज टँकरपुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला यात काही समजावून सांगावं लागत नव्हतं. शहरातून मार्गदर्शन करणारे डॉक्टर खूश झाले आणि मी चार दिवस हवेतच होते.

सातवा प्रश्न असा होता: मुलाचा आजार आणि औषधं तुम्हाला समजतील अशी सांगितली का? इथे कुणी रिकामी घागर दाखवली, तर तिथल्या तिथे सिस्टरला बोलवायचं आणि मूल घरी जायच्या आत सगळं पुन्हा समजावून सांगायचं, हा नियम मीच घातला होता. नुसते कागद भरण्यापेक्षा कुणाचं तरी भलं व्हावं, एवढंच मनात होतं.

तलवाड्याकडची एक बाई आली. वीस-बावीस वर्षांची, मजुरी करणारी. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेला. तिच्या तीन वर्षांच्या मुलीला झटके यायचे. औषधाने ते थांबले होते आणि त्या दिवशी तिला घरी सोडणार होते. मुलगी आईच्या मांडीवर बसून माझ्या पेनाचं टोपण चावत होती. प्रत्येक प्रश्नाला बाईचं बोट भरलेल्या घागरीवर. सातव्या प्रश्नालाही तिथेच. मला शंका आली. सकाळपासून सिस्टरला पाणी प्यायला फुरसत नव्हती, हिला समजावलं कुणी आणि कधी? पण उत्तर देणाऱ्याला आपण वळवायचं नाही, असं मला शिकवलं होतं. मी खूण केली.

"पंधरा दिवसांनी परत ये," मी तिला म्हणाले. "हेच प्रश्न पुन्हा विचारायचेत. उत्तरं तीच येतात का, ते बघायचं असतं."

"येते की," ती म्हणाली. मुलीच्या तोंडातून टोपण काढून तिने पदराने पुसून मला दिलं.

मधल्या काळात शहरातल्या त्या डॉक्टरांचा फोन आला. रिकाम्या घागरीवर एकाचंही बोट नाही, हे खरं वाटत नाही, जरा संशय घ्या, असं ते म्हणाले. मला राग आला. आमची माणसं उपकार जाणणारी आहेत, असं मी ठसक्यात ऐकवलं.

पंधराव्या दिवशी ती आली. एकटी.

"पोरगी कुणाकडं ठेवलीस?" मी विचारलं.

"गेली," ती म्हणाली.

औषधाची बाटली आठवड्यात संपली होती. पोर खेळत होती, औषध संपलं म्हणजे दुखणंही संपलं, असं आईला वाटलं. दुसरी बाटली न्यायची, एकही दिवस चुकवायचा नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवसांनी झटके सुरू झाले ते थांबेनात, आणि गेवराईला पोचायच्या आत पोर गेली.

मी कागद बाजूला सारले. मूल दगावलं असेल तर फॉर्म बाद, असाही एक नियम होता. "आता काही विचारायचं नाही गं," मी म्हणाले.

"इचारा. मी येते म्हणलं व्हतं."

मी एकेक प्रश्न वाचला. सातव्या प्रश्नाला तिने रिकाम्या घागरीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही.

"त्या दिशी बी हीच व्हती, ताई," ती म्हणाली. "मला कुणी कायच सांगितलं न्हाई. पर लेकरू मांडीवर, घरी निघायची येळ, रिकाम्या घागरीवर बोट कसं ठिवावं?"

घरातून निघताना रिकामी घागर समोर आली, की माझी आई आम्हाला परत आत बोलवायची, घोटभर पाणी पाजायची आणि मगच जाऊ द्यायची. मी याच मातीतली. मला हे कुणी शिकवायला नको होतं. आणि आजारी लेकरांच्या आयांपुढे मी रिकामी घागर काढून ठेवली होती, वर शाबासकीही घेतली होती. त्या पुठ्ठ्याकडे बघून मला स्वतःची किळस आली.

ती पिशवी उचलून उभी राहिली आणि थांबली. "ताई, तवा मी रिकामी दावली असती, तर काय झालं असतं?"

सिस्टर आली असती. बाटली हातात धरून तिने समजावलं असतं. पाच मिनिटं लागली असती.

"काही नाही," मी म्हणाले. "नुसतं लिहून घेतलं असतं."

"बरं," ती म्हणाली, आणि यष्टी चुकेल म्हणून निघाली.