चिंचेने धुतलेला खडा

दिवाळीत पेटी मुकी झाली आणि मी धाकट्या दिराशी बोलणे सोडले. इंदापूरचा प्रवास घडला तो त्यामुळे. तिकडे कोणी हौसेने जात नाही, पण जाणार असाल तर वाट उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमचे हे महायुद्धात बसऱ्याकडे बिनतारी यंत्रावर होते. परतल्यावर एकच नाद: लष्करी लिलावांतून लढाईतली जुनी यंत्रे आणायची आणि बोलती करायची. ते गेल्यावर मी एकच पेटी ठेवली. ऐकायला तिला वीज लागत नाही. आत एक चकचकीत खडा, त्यावर टेकलेली केसासारखी तार, आणि कानाला लावायचे दोन डबे. अक्षरे मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले, तारेची लिपी ह्यांच्या वहीवरून. रोज दिवेलागणीला खडकीच्या छावणीतली टिकटिक ऐकायची, तेवढाच माझा सहवास. तीच थांबली.

घरात दुसरे माणूस म्हणजे विष्णूभाऊजी. चांगला खडा विकून त्यांनी खोटा बसवला, असे मी तोंडावर म्हटले. "वहिनी, दादाची शपथ," ते म्हणाले. मी त्यांना ताट वाढणे बंद केले.

ह्यांच्या वहीत इंदापूरच्या एका हवालदाराचा पत्ता होता. युद्धात दोघे ह्याच पेटीवर बसत; पुढे ती ह्यांना लिलावात मिळाली. खडा बदलला आहे की नाही, हे तोच सांगणार.

पुण्याहून सकाळच्या गाडीने दौंड, तिथून बारामतीची छोटी गाडी. सावलीची बाजू धरा आणि पाणी बरोबर ठेवा. मी पेटीवर पाय ठेवून बसले. समोर पेरूची पाटी घेऊन एक बाई होती.

"ह्यात काय हाय वो?"

"यंत्र."

"शिवायचं?"

"ऐकायचं."

तिने पाटी उचलली आणि ती पलीकडच्या बाकावर गेली. "करनी-बिरनी असंल," असे ती शेजारणीला सांगताना मी ऐकले.

बारामतीत धर्मशाळा बरी आहे, कुलूप मात्र आपले न्यावे. सकाळी मोटार-अड्ड्यावर शिपायाने हटकले.

"पेटी उघडा. बाँब हाय का?"

मी यंत्र बाळगण्याचा सरकारी परवाना दाखवला.

"कुनाच्या नावाचा?"

"आमच्या ह्यांच्या."

"त्ये कुठं हायत?"

"नाहीत."

त्याने कागद नीट घडी करून परत दिला आणि पेटी स्वतःच्या हाताने बंद केली. तरीही मोटार सुटेपर्यंत मी त्याच्यावर डोळा ठेवून होते.

मोटारीचे भाडे आधी ठरवा. काटेवाडीपर्यंत कालव्याची कृपा, दोन्ही बाजूंना ऊस, वारा ओला. पुढे जमीन कोरडी होत जाते आणि रस्त्यात मेंढ्या आडव्या येतात. निमगाव केतकीला बाजार होता. तिथली पिठलं-भाकरी अवश्य खा. मी पेटी मांडीवर घेऊनच जेवले.

हवालदाराचे घर इंदापूरच्या बाजारामागे. गोठ्यात एका बाजूला दोन गाई, दुसऱ्या बाजूला लढाईतली यंत्रे: खटके, तारेची रिळे, कानाचे डबे. एवढा माल जमवणाऱ्याची नजर माझ्या पेटीवर असणारच, असे मनात आले. हवालदाराने लष्करी टेलिफोनचा दांडा फिरवला. "दोन कप च्या धाडा."

"हितनं ऐकू येतंय की!" स्वयंपाकघरातून त्याची बायको ओरडली. "कशाला फिरवताय ते सारखं?"

मग त्याने खडा काढला. त्याचे दोन्ही हात दिसतील अशी मी उभी राहिले. त्याने खडा उजेडाकडे धरला.

"खडा त्योच हाय, वैनी. ह्या कोपऱ्याचा टवका बसऱ्याला माझ्याच हातनं उडाला. लई शिव्या खाल्ल्या मी."

खडा तपासण्यासाठी पेटीतच एक बारकी गुणगुणी, म्हणजे सतत गुणगुणणारा खटका, असते. ती लावून तो खड्यावर तार फिरवत राहिला. एक डबा त्याच्या कानाला, एक माझ्या; काहीच ऐकू येईना. त्याने खडा पुन्हा उजेडात तिरपा केला.

"कशानं घासलाय?"

"घासला नाही. दिवाळीला पितळ उजळले, तेव्हा हाही काळवंडलेला दिसला, म्हणून चिंच लावून..."

वहीत पहिल्याच पानावर लिहिले होते: खड्याला बोट लावू नये. ते विष्णूभाऊजींसाठी आहे, असेच मी समजत आले होते.

"आंबटानं वरनं मेलाय. फोडावा लागंल," हवालदार म्हणाला. "आत जित्ता असतोय त्यो." त्याने पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला. फोडताना हा एक तुकडा लांबवेल, असे तेव्हाही माझ्या मनात आलेच.

"मी फोडते."

"फोडा. पन डोळं मिटू नका."

कट् झाले. दोन तुकडे. आतला भाग नव्या पत्र्यासारखा चमकत होता. तार टेकवली आणि कानात गुणगुण आली, बारीक, पण स्पष्ट.

"दुसरा तुकडा मला द्याल का? आमी दोगं तासंतास ऐकायचो त्याच्यावर."

मी तो पदराच्या गाठीत बांधला. "बरं," एवढेच तो म्हणाला. त्याच्या बायकोने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

परत आले तेव्हा विष्णूभाऊजी पायरीवर बसले होते. मी पेटी लावून कानाचे डबे त्यांच्या हातात दिले.

"वाजतंय," ते म्हणाले.

"खडा तोच होता. मीच चिंचेने धुतला होता."

ते एक डबा कानावरून सरकवून म्हणाले, "मग आज ताट वाढणार का?"

दुसरा तुकडा मी फडक्यात शिवून टपालाने इंदापूरला पाठवला. तुम्हीही अशी पेटी घेऊन निघणार असाल, तर परवाना आपल्या नावाचा असू द्या. माझा अर्ज मी लिहिला आहे. ह्यांच्या नावापुढे 'कैलासवासी' प्रथमच माझ्या हाताने लिहिले. खाली साक्षीदार म्हणून सही विष्णूभाऊजींची आहे.