एक्केचाळीस किलोमीटर

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे, पण नुसती मजा बघायला. कुणी "माळ्यावर पावलं वाजली" असं लिहिलं की खाली "उंदीर असेल" लिहिणारा तो मीच! त्यावरून काहींनी मला शिव्याही घातल्यात. घाला, हक्क आहे तुमचा. मी रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर असतो. माप घेतल्याशिवाय मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तर झालं असं...

शिरूरला आमच्या घरामागे एक पत्र्याची शेड आहे. तिथं माझा नाद चालतो. जुन्या मोटरसायकलींचे पार्ट — हेडलाईटच्या रिंगा, टाकीची झाकणं, कार्बोरेटर, मीटर — भंगारवाल्यांकडून शोधून आणायचे, घासूनपुसून फोटो काढायचे आणि ऑनलाईन विकायचे. गुरुवारी कंपनीला सुट्टी, तेव्हा शिरूर, न्हावरे, दौंड अशी चक्कर असते. माझी बायको सुनंदा म्हणते, "लग्न माझ्याशी लागलं, पण संसार भंगाराशी चाललाय तुमचा." म्हणू दे. कधीकधी रिंगांना पॉलिश तीच मारते.

आमच्या विकणाऱ्यांत एक पद्धत आहे. पार्टच्या फोटोत शेजारी एक चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर आपलं नाव आणि तारीख हातानं लिहायची. म्हणजे वस्तू खरंच आपल्याकडे आहे, कुणाचा फोटो चोरलेला नाही, हे घेणाऱ्याला कळतं. दुसरी पद्धत जरा वाईट आहे. मीटर विकायचा तर आतली किलोमीटरची चाकं टाचणीनं फिरवून सगळे आकडे शून्यावर आणायचे. जुनी गाडी नव्यासारखी बनवणाऱ्यांना झिरो मीटर लागतो. सगळेच करतात. मीही करायचो.

मागच्या दिवाळीनंतर दौंडच्या एका भंगारवाल्याकडे मला जुन्या बुलेटचा मीटर मिळाला. डायल छान, काच शाबूत. काचेवर चाळीसच्या आकड्यावर एक बारीक लाल रेघ होती, नेलपॉलिशची. पुसणारच होतो, पण त्या दिवशी थिनर संपलं होतं. मीटर उघडला तर आतल्या एका गिअरचे दात गंजून झडलेले, कडा गुळगुळीत. म्हणजे केबल लावून गाडी काश्मीरपर्यंत नेली तरी आकडा हलणार नाही. मी चाकं शून्यावर आणली, चिठ्ठी ठेवून फोटो काढला आणि टाकला — "फक्त शोसाठी. चालत नाही. झिरो सेट."

आधीचा आकडा लिहून ठेवला नाही. कंपनीत एका बोल्टचं माप तीन ठिकाणी लिहिणारा मी... ते मात्र लिहिलं नाही.

गुरुवारी दुपारी फोन आला. बाईंचा आवाज.

"दादा, तो मीटर विकला तर न्हाई ना?"

"नाही. आहे अजून."

"चाळीसवर लाल रेघ हाय ना त्याच्यावर? ती माझ्या अम्मीनं ओढलीय. अब्बा गाडी लई पळवायचे. अम्मी म्हणली, ह्या रेघंच्या पुढं काटा न्यायचा न्हाई, पोरीची शप्पथ हाय. ती पोरगी मी."

बाईंचं नाव रेहाना. न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर राहतात, प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांचे वडील गफूर मिस्त्री विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचे. रेहानाताई नऊ वर्षांच्या असताना एका सकाळी मिस्त्री घरातून निघाले. "तळेगावला मोटार बघून जेवायला येतो," म्हणाले. तळेगाव ढमढेरे, म्हणजे दौंडच्या बरोबर उलट्या दिशेला. ते आले नाहीत. चार दिवसांनी त्यांची बुलेट दौंड स्टेशनबाहेर लावलेली सापडली. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. रेल्वेत बसून गेला, बायकापोरं टाकून गेला, कुणीतरी असेल त्याची. अम्मीनं वीस-बावीस वर्षं ते ऐकलं आणि मागच्या वर्षी ती वारली.

गाडी बरीच वर्षं पोलिसांकडे पडून होती, मग लिलावात थेट भंगारात गेली. तिचा मीटर वाचायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. अम्मी गेल्यावर ट्रंकेत मिस्त्रींची डायरी निघाली. मिस्त्री रोज सकाळी निघताना मीटरचा आकडा लिहायचे आणि घरी आल्यावर पुन्हा लिहायचे. पानावर दोन रकाने होते — 'जाताना' आणि 'येताना'. शेवटच्या पानावर फक्त जाताना.

"दादा, आमच्या दारापासनं दौंड स्टेशन एक्केचाळीस किलोमीटर. मी स्वतः मोजलंय. मीटर तेवढाच पुढं गेला असंल तर अब्बा खोटं बोलून सरळ स्टेशनवर गेले. आन् तळेगावला जाऊन मग गाडी तिकडं पोचली असंल तर आकडा शंभरनं तरी वाढला पायजे. मग म्हंजी... त्यांना कायतरी झालं असंल, गाडी दुसऱ्याच कुणी नेऊन लावली असंल. मला एवढंच बघायचंय. किती हाय आकडा? फोटोत तर शून्य दिसतंय."

मी फळीवरचा मीटर हातात घेतला. शेवटी सांगितलं — ताई, मी फिरवला. आधी किती होता ते आठवत नाही.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तरी मला पायजे तो. पुढच्या गुरुवारी रजा टाकून येते." मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. दुपारभर आठवायचा प्रयत्न केला... शेवटी सात होता की एक? काही केल्या येईना.

त्या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी मी घरी असायचो. शनिवारी दहा-साडेदहाला शेडमध्ये गेलो तर फळीवरच्या मीटरचा आकडा ९. मला वाटलं, चाकं ढिली राहिली असतील. पुन्हा शून्य करावं असं मनात आलं, पण हात धजेना. चिठ्ठी ठेवून फोटो काढला. रविवारी २०. सोमवारी मीटर प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात ठेवला, झाकणाला टेप मारून टेपवर सही केली. मंगळवारी सही जशीच्या तशी आणि आकडा ३३. सुनंदाला विचारलं, तू हात लावलास का? ती म्हणाली, "तुमच्या भंगाराला हात लावायला मला काय वेड लागलंय?"

बुधवारी आम्ही दोघं सकाळपासून शेडमध्ये बसून राहिलो. लख्ख ऊन होतं. शेजारच्यांची गिरणी चालू होती, सुनंदा समोर मेथी निवडत होती. म्हणजे भीतीदायक असं तिथं काहीही नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. साडेदहाच्या सुमारास सुनंदाचा हात थांबला. "अहो," ती म्हणाली, "काटा."

मीटरचा काटा वर चढत होता. वीस... तीस... थरथरत लाल रेघेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. रेघेच्या पुढे केसभरही गेला नाही. मी टेप फाडून मीटर बाहेर काढला. खाली केबल बसवायचं चौकोनी भोक असतं, त्याला करंगळीचं टोक लावलं... ते फिरत होतं. केबल नाही, चाक नाही, गाडी नाही, आणि माझ्या बोटाखाली ते गार लोखंड फिरत होतं. मी ओरडलो असेन, कारण गिरणीवाला डोकावून गेला. मधेच काटा पडला, वळणावर गाडी हळू करावी तसा, आणि पुन्हा वर गेला. मग एकदाचा शून्यावर येऊन बसला.

आकडा ४१.

सुनंदाला मी फोनवरचं सगळं सांगितलेलं होतं. तिनं मेथी बाजूला सारली. "म्हणजे सरळ स्टेशनच," ती म्हणाली. "टाकूनच गेला की हो."

खरं सांगतो, मी टाचणी उचलली. उद्या ती बाई येणार, तिला हा आकडा दाखवायचा? त्यापेक्षा एकशे दहा करून ठेवावा आणि सांगावं, ताई, जुना आकडा आठवला, तुमचे अब्बा तळेगावलाच गेले होते. कुणाला कळणार होतं? सुनंदानं माझ्या हातातून टाचणी काढून घेतली. "एकदा फिरवलात ते पुरे झालं," म्हणाली. "आता बिलकुल हात लावू नका."

गुरुवारी रेहानाताई एसटीनं आल्या. सुनंदानं चहा दिला. मीटर हातात घेऊन त्यांनी आधी लाल रेघेवरून अंगठा फिरवला, मग आकडा बघितला.

"तुम्ही तर शून्य म्हणला होता."

मी सगळं सांगितलं. फोटो दाखवले, रोजच्या चिठ्ठीसकट. वेड्यात काढतील असं वाटलं होतं, पण त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. "गाव खरंच बोलत व्हतं, दादा. अम्मी मरस्तोवर म्हणायची, ते खोटं बोलणारे न्हाईत. बरं झालं, ती गेल्यावर कळलं."

मी पैसे घेतले नाहीत. मीटर कापडात गुंडाळून दिला, स्टँडवर सोडून आलो. घरी येताना मला स्वतःचाच राग येत होता. ती टाचणी वापरली असती तर काय बिघडलं असतं, असंही वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट होती. मंगळवारी पाऊण वाजता कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलो तोच रेहानाताईंचा फोन.

"दादा..." मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. "दादा, शुक्रवारपासनं काटा परत फिरतोय. रोज सकाळी थोडा थोडा. मी शाळेतनं यायची तर आकडा वाढलेला. तुम्हाला सांगितलं न्हाई, म्हणलं बघू कुठवर जातोय. आज सुट्टी हाय, मी समोरच बसले व्हते. आत्ता थांबला."

"किती?"

"ब्याऐंशी."

गणित करायला मला व्हर्नियर लागला नाही. एक्केचाळीस आणि एक्केचाळीस.

"जेवायला येतो म्हणले व्हते ना, दादा," त्या म्हणाल्या. "मी ताट वाढलंय."

मी शेजारच्यांना न सांगता उठलो आणि हात धुवायच्या नळापाशी जाऊन उभा राहिलो. रडू येत होतं, आणि कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता तुम्ही खाली लिहाल — तुम्हीच फिरवला असेल, बाईंनी फिरवला असेल, चाकं ढिली असतील. लिहा, मीही हेच लिहिलं असतं. मिस्त्री त्या दिवशी दौंडहून परत निघाले होते का? निघाले तर गाडी स्टेशनवर कशी? का ते फार नंतर, कुठल्या तरी दुसऱ्याच गावाहून, गाडीशिवायच निघाले? मला माहीत नाही. नंतर मी आणि सुनंदा न्हावऱ्याला जाऊन आलो. ताईंच्या परवानगीनं मीटर उघडला. गिअर तसाच गुळगुळीत, दात नाहीत. खालचं भोक गंजानं पार जाम झालेलं, पक्कडीनंही हललं नाही. हेच भोक माझ्या बोटाखाली फिरलं होतं. दहा वर्षांच्या नोकरीत असं एकही माप मी 'ओके' करून सोडलेलं नाही. फोटो इथं टाकणार नाही, ताईंनी नको म्हटलंय.

मीटर त्यांनी दारासमोरच्या कोनाड्यात ठेवलाय. त्यानंतर काटा हललेला नाही.

निघताना त्यांनी डायरीचं शेवटचं पान दाखवलं. 'जाताना'खाली मिस्त्रींचं तिरकं, ठसठशीत अक्षर — ३८२१६. शेजारचा 'येताना'चा रकाना इतकी वर्षं कोरा होता. त्यात आता शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात, निळ्या पेनानं लिहिलंय — ३८२९८.