मोकळी व्हायला

एस.टी.चा ड्रायव्हर चढून बसला तरी माय खिडकीची दांडी सोडीना. बिलोलीच्या स्टँडवर जो तो ओळखीचा, कंडक्टरसुद्धा आमच्याच गल्लीतला. त्या सगळ्यांदेखत ती मोठ्यानं म्हणाली, "पहिल्या खेपेला मोकळी व्हायला हिकडंच ये बरं का. तिथं कोन हाय तुजं?" मी मान खाली घालून पिशवीत उगीच काहीतरी शोधायला लागले. चौतिसाव्या वर्षी लग्न झालेल्या पोरीला असं म्हणायचं धाडस गावात एकट्या तिच्यातच होतं. बाकीच्यांनी "चला, म्हातारपणी सोबत झाली" म्हणून आमचं लग्न निकालात काढलं होतं.

मोकळी होणं म्हणजे बाळंत होणं, हे बिलोलीत राहिलेल्या बायांना सांगायला नको. पण माझ्यासारख्या ज्या गाव सोडून पुण्याला, हैदराबादला गेल्या, त्यांच्या लेकींना हा शब्द ठाऊक नसेल. कुणी बाळंत झाली की निरोप यायचा, "मोकळी झाली." मुलगा की मुलगी ते मागाहून. आधी बाई सुटली एवढं कळायचं आणि ऐकणारीच्या जिवात जीव यायचा.

आमचे हे कचेरीत कारकून होते. लातूर जिल्हा नवा झाला आणि तिकडं माणसं हवी होती, म्हणून आम्ही गेलो. देगलूर, उदगीर करत एस.टी.नं लातूर गाठेपर्यंत अंग आंबून जायचं. तिथं सगळंच नवं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ताजा, आणि शेजारीपाजारी कुठकुठून आलेले. भाड्याची खोली मिळवताना नाकी नऊ आले. मी बिलोलीत मुलींना शिवण शिकवायचे, इथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. गोलाईच्या बाजारात भाजी घेताना मी "हो"च्या जागी "हाव" म्हटलं की भाजीवाली विचारायची, "नांदेडकडच्या का?" मला तो प्रश्न बरा वाटायचा, कारण दिवसभरात माझ्याबद्दल तेवढंच कुणीतरी विचारायचं.

मग पावसानं पाठ फिरवली. नळ आधी एका दिवसाआड, मग आठवड्यानं, मग नुसताच सूं सूं आवाज करायला लागला. टँकर यायचा, पण कधी येईल ते कुणी सांगत नसे. कान रस्त्याकडं लावून स्वयंपाक करायचा, हॉर्न वाजला की तवा उतरवून घागरी घेऊन पळायचं. आणि त्याच वर्षी, सदतिसाव्या वर्षी, मला दिवस गेले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण खरं सांगायचं तर आनंदापेक्षा दमणूकच जास्त आठवते. पाय सुजलेले, हातात घागर, आणि रांगेतल्या बाया माझ्या पोटाकडं आणि मग केसांकडं बघायच्या.

सातव्या महिन्यात माय मला न्यायला आली. डिंक, शेपाचं बी, जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या, सगळं तिनं तिकडं तयार ठेवलं होतं. पाण्याचं काय, विचारलं तर म्हणाली, "सोय हाय. तू काहून इचारून राहिली?" बिलोलीच्या विहिरी आटल्या होत्या आणि मांजरा नदीच्या पात्रात झिरे खणून वाटीनं पाणी भरावं लागत होतं, हे मला तिच्या हातांवरूनच दिसत होतं. बाळंतिणीला रोज घंगाळभर कढत पाणी लागतं. साठीला टेकलेली ही बाई ते डोक्यावरून आणणार होती.

तिला घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या, शुद्ध बोलणाऱ्या आणि स्वभावानं सरळ. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "रक्तदाब वर आहे. प्रवास करू नका, बाळंतपण इथंच करा. बाळाचं डोकं खाली आहे, तेव्हा कळांची वाट पाहता येईल. कदाचित सगळं नीट होईल. पण वय बघता मध्येच अडलं, तर घाईत ऑपरेशन करावं लागेल. नाहीतर आधीच दिवस ठरवून सीझर करू. त्यात टाके, दुखणं आणि उठायला उशीर. जोखीम दोन्हींत आहे, फक्त वेगवेगळी. तुम्हाला काय हवं?"

मला काय हवं, असं त्या काळात बाईला कोण विचारत होतं? लग्नात विचारलं नव्हतं, बदलीत विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं ते या बाबतीत. मला तर वाटत होतं की कुणीतरी धरून सांगावं, हे कर. ह्यांना विचारलं तर "तू म्हणशील तसं" म्हणून वर्तमानपत्रात डोकं घातलं. शेजारच्या महादेवीअक्का निलंग्याच्या. त्या म्हणाल्या, "टाके घातल्यावर वाकाचं कसं? घागर कोन उचलनार?" आणि माय तर विषय निघाला की उठून तांदूळ निवडायला बसायची.

महिनाभर तो एकच विषय मी मनात घोळवत राहिले. कळांना मी भीत नव्हते. पण मूल इतक्या उशिरा आलं होतं की ते हातचं जाईल या भीतीनं मला धड जेवण जात नसे. परत असं काही होईल, अशी आशा कुणालाच नव्हती, मला तर मुळीच नाही. शेवटी टँकरच्या रांगेत उभी असताना मी ठरवलं. त्या दिवशी टँकर आलाच नाही. आम्ही बाया उन्हात ताटकळून रिकाम्या घागरी घेऊन परत आलो आणि मला वाटलं, पाणी कधी येईल माहीत नाही, पाऊस कधी येईल माहीत नाही, निदान हे लेकरू तरी ठरल्या दिवशी येऊ दे. माझ्यात आता आणखी वाट बघायचं त्राण नव्हतं.

मायला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. खडे वेचता वेचता म्हणाली, "तुज्या आधीचं एक अडलं व्हतं. पोरगा व्हता. हाती लागला न्हाई." मीच तिचं पहिलं लेकरू, असंच मी जन्मभर समजत होते. तिनं खडे उंबऱ्याबाहेर टाकले आणि म्हणाली, "कर डाक्टरीण म्हनती तसं. पर गावात काय सांगू? पोट फाडून काढलं, त्याला मोकळी झाली म्हनत न्हाईत."

मुलगी झाली. काळीसावळी, ठणठणीत, आणि रडणं असं की शेजारच्या खाटेवरची बाई कानावर हात ठेवायची. मी पाणी पाणी करत पडले होते. पोटातला वात सरेपर्यंत टाकेवालीला तोंडानं काही देत नसत. डॉक्टरीणबाई रोज सकाळी यायच्या आणि मोठ्यानं वात वगैरे बोलणं बरं दिसत नाही म्हणून नुसतं विचारायच्या, "काय, मोकळं झालं का?" पहिल्या दिवशी माय बाहेर होती. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात नातीला घेऊन बसली होती. प्रश्न कानावर पडला मात्र, ती ताडकन उठली.

"झाली की बाई! मोकळी झाली! कवाच झाली!"

डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "अरे वा, मग चहा द्या त्यांना." मी हातानं नाही नाही करत होते, पण त्या पुढच्या खाटेकडं वळल्या होत्या. आणि माय नातीला छातीशी धरून ढसाढसा रडत होती. "डाक्टरीणबाईनंच इचारलं," ती मला सांगत होती, जणू मी तिथं नव्हतेच. "मोकळी झाली का म्हनून इचारलं." मी चहा प्याले. माझ्या पोटाचा दिवसभर नुसता नगारा झाला, पण तिला खरं काय ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. तिनं बिलोलीला जाऊन घरोघर तसंच सांगितलं. बिलोलीच्या तुम्हा बायांपैकी कितीतरी जणींनी तिच्या तोंडून ते ऐकलं असेल. खरी गोष्ट ही अशी आहे.

पुढं मी लातूरकरीण झाले. महादेवीअक्कांनी महिनाभर माझ्या घागरी वाहिल्या, तेव्हा मायचा "तिथं कोन हाय तुजं" हा प्रश्न मिटला. शिवणाची मशीन घेतली, घर बांधलं. आता भाजीवाल्या मला कुठल्या म्हणून विचारत नाहीत. लेक पुण्यात आहे, तिला बिलोली म्हणजे जिथं फोनला रेंज नसते ते गाव. मी मात्र दोन्हीकडं अर्धीअर्धीच राहिले. लातुरात पाणी गेलं की बिलोली आठवते आणि बिलोलीत गेले की लातूरच्या घराला कुलूप नीट लावलं का, याचा घोर लागतो. या ये-जा करण्याचाही आता कंटाळा येतो.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात माय अंथरुणाला खिळली. तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. माझ्या धाकट्या भावाला ती आमच्या मामाच्या नावानं हाक मारायची. मी उन्हातानात एस.टी.नं पोचले, उंबऱ्यात पिशवी ठेवली आणि भिंतीला टेकले. माझेही गुडघे गेलेले, सासष्टावं सरून चाललेलं. तिनं डोळे उघडले, माझ्या सुटलेल्या पोटाकडं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आलीस? मोकळी व्हायला आलीस ना?"

भाऊ तिला समजवायला पुढं झाला. मी त्याला थांबवलं.

"हाव माय," मी म्हणाले. "मोकळी व्हायलाच आले."

तिनं हळूहळू अंग सरकवून बाजेवर माझ्यासाठी जागा केली, आणि मी चपला काढून तिच्याजवळ आडवी झाले.